दोन सरासऱ्यांचा प्रश्न: जीववैद्यकीय संशोधनातील गणनसाधनांचा इतिहास

१

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुका हा प्रशासकीय दृष्ट्या अलीकडचा होय. तो १९९९ मध्ये अस्तित्वात आला. परंतु ह्या भूभागाचा आकडेवारीशी आलेला संबंध त्याहून बराच जुना आहे. गोदावरी व प्रवरा ह्या नद्यांवरील कालव्यांमुळे येथील अवर्षणग्रस्त प्रदेशाच्या अर्थजीवनात कोणता पालट घडून आला, ह्याची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली केली व तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्याच तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी शेतकऱ्यांना संघटित करून उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे तेथेच १९७६ मध्ये ग्रामीण रुग्णालय, १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा अशी वाढ होत गेली.

अशा ग्रामीण वैद्यकीय केंद्रात पदव्युत्तर पदवीसाठी जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतील 'अभ्यासपद्धती' ह्या प्रकरणाचा शेवट बहुधा एका ठरावीक वाक्याने होतो. आकडेवारीचे विश्लेषण अमुक संगणकीय आज्ञावलीच्या अमुक आवृत्तीने केले, असे ते वाक्य असते. मुंबईच्या, पुण्याच्या किंवा परदेशांतील निबंधांतही ते असेच आढळते. वाचक ते वाचून पुढे जातो; लिहिणाराही त्याविषयी फारसा विचार करीत नाही. वस्तुतः त्या एका वाक्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. पूर्वी संशोधकाला जे निर्णय स्वतः, उघडपणे व कागदावर करावे लागत, त्यांपैकी कोणते निर्णय आज यंत्राच्या पोटात गेले आहेत, हे त्या इतिहासावरून कळते. प्रस्तुत लेखात त्याचे टप्पे महाराष्ट्रातील व मराठी अभ्यासकांच्या उदाहरणांच्या आधारे तपासावयाचे आहेत.

२

मुंबईत प्लेगची साथ १८९६ च्या सप्टेंबरात उघडकीस आली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन ह्यांनी प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर लवकरच भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता जे कैदी लस घेण्यास तयार झाले त्यांना ती देण्यात आली. उरलेल्यांना ती दिली गेली नाही. दोन्ही गटांतील रुग्ण व मृत्यू मोजून त्यांची तुलना करण्यात आली व ती लसीच्या बाजूने गेली.

येथे गणित म्हणावे तर केवळ मोजणी व भागाकार. त्यासाठी यंत्र तर नकोच, पण कोष्टकही नको. तथापि ह्याच आकड्यांवरून वाद माजला. सर टॉमस फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने १८९८-९९ मध्ये साक्षीपुरावे घेतले. लसीचा उपयोग होतो हे त्याने मान्य केले. परंतु तिच्या समर्थनार्थ मांडलेल्या आकडेवारीच्या अचूकपणाबद्दल शंका व्यक्त केली. शंकेचे कारण गणितात नव्हते. लस घेणारे व न घेणारे हे इतर सर्व बाबतींत सारखे होते काय, दोघांनाही संसर्गाचा धोका सारखाच होता काय, आणि रोगाचे निदान करणाऱ्याला कोणी लस घेतली आहे हे ठाऊक होते काय, असे हे प्रश्न होते. १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड व उडनी यूल ह्यांनी विषमज्वर व पटकी ह्यांच्या लसींच्या आकडेवारीचे जे परीक्षण केले, त्यात हेच निकष तुलनेच्या पूर्वअटी म्हणून सुस्पष्ट रीतीने मांडलेले आहेत.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. गणन करण्यापूर्वीच तुलनेचे भवितव्य पुष्कळसे ठरलेले असते. दोन गट कसे तयार झाले हे आकड्यांत लिहिलेले नसते. म्हणूनच पुढे कितीही शक्तिमान यंत्र आले तरी ते त्याला आकड्यांतून वाचता येणे शक्य नव्हते. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी रुग्णांची वाटणी यदृच्छेने केली. भायखळ्याच्या प्रश्नाला ते उत्तर होते आणि ते संशोधनाच्या आखणीतून आलेले होते, गणनातून नव्हे.

३

दुसरा टप्पा सारण्यांचा. 'स्टुडंट' ह्या टोपणनावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखाने लहान नमुन्यांच्या सरासरीविषयी अनुमान करण्याची वाट मोकळी केली. रोनल्ड फिशर ह्यांच्या १९२५ च्या ग्रंथाने ती प्रयोगशाळांपर्यंत नेली. हाताने फिरवावयाच्या गणकयंत्रावर बेरजा व वर्ग करावयाचे, निघालेले मूल्य छापील सारणीतील मूल्याशी ताडून पाहावयाचे, आणि फरक 'सार्थ' आहे की नाही हे ठरवावयाचे, अशी रीत रूढ झाली. सारणीत सर्व संभाव्यता छापणे अशक्य. म्हणून निवडक पातळ्याच छापल्या जात. शेकडा ५ व शेकडा १ ह्या पातळ्यांना नंतर जे जवळजवळ कायद्याचे स्वरूप प्राप्त झाले, त्याला छापील सारणीची ही सोयही काही अंशी कारणीभूत झाली.

ह्या सारण्यांच्या इतिहासात एका मराठी संशोधकाचे नाव आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले व तेथे १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. फिशर, नेमन आणि एगॉन पिअरसन हे परस्परांशी तीव्र मतभेद असलेले तिन्ही आचार्य त्या काळी तेथे कार्यरत होते. वादाचा एक विषय दिसावयास साधा होता. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करावयाची आहे, पण दोन्ही गटांतील मूल्यांचे विखुरणे सारखे आहे असे धरता येत नाही. अशा वेळी काय करावे? बेरेन्स ह्यांनी १९२९ मध्ये सुचविलेल्या व फिशर ह्यांनी पुरस्कारलेल्या उत्तरासाठी सुखात्मे ह्यांनी १९३८ मध्ये सारणी तयार केली आणि फिशर व येट्स ह्यांच्या सुप्रसिद्ध सारणीसंग्रहात तिला स्थान मिळाले. नेमन व त्यांच्या पक्षाने हे उत्तर मान्य केले नाही. पुढे वेल्च ह्यांनी १९४७ मध्ये निराळी तोड सुचविली व व्यवहारात तीच अधिक प्रचलित झाली.

हा वाद केवळ तात्त्विक नाही, हे एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. समजा, ऊसतोडणी करणाऱ्या १० स्त्रियांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची सरासरी १०.६ ग्रॅम व प्रमाण विचलन २.० आले, गावातील इतर ४० स्त्रियांत सरासरी ११.६ व प्रमाण विचलन १.० आले. फरक १ ग्रॅमचा. दोन्ही गटांचे विखुरणे सारखे आहे असे धरून गणित केले तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.४४ येते, गुणोत्तर २.२६ येते, आणि ४८ स्वातंत्र्यमात्रांसाठी शेकडा ५ पातळीची मर्यादा २.०१ असल्यामुळे फरक 'सार्थ' ठरतो. विखुरणे भिन्न आहे असे धरले तर प्रमाण त्रुटी ०.६५ होते, गुणोत्तर १.५३ वर उतरते, स्वातंत्र्यमात्रा सुमारे १० च उरतात व मर्यादा २.२२ वर चढते. फरक 'सार्थ' ठरत नाही. आकडे तेच, स्त्रिया त्याच, निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. लहान गटातच विखुरणे अधिक असल्यामुळे येथे पहिली रीत दिशाभूल करणारी आहे.

१९३८ च्या संशोधकाला ह्या दोन रीतींपैकी कोणती घ्यावयाची हे ठरविल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नसे, कारण त्याला कोणती सारणी उघडावयाची हेच त्यावर अवलंबून असे. 'आर' ह्या आज्ञावलीत आज दोन सरासऱ्यांच्या तुलनेची आज्ञा दिली असता, वेगळे न सांगितल्यास, ती वेल्च ह्यांची रीत वापरते. 'एस्‌पीएस्‌एस्' ही आज्ञावली दोन्ही उत्तरे दोन ओळींत छापते आणि निवड वाचणाऱ्यावर सोडते. ह्यांपैकी कोणतीच चूक म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रबंधात फक्त आज्ञावलीचे नाव दिले आहे, त्याच्या वाचकाला ह्या वादाची कोणती बाजू घेतली गेली हे कळण्याचा मार्ग उरत नाही. पुष्कळदा ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

४

तिसरा टप्पा संगणकांचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्याचे 'टीफ्रॅक' असे नामकरण झाले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. तत्पूर्वी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र ह्यांचे अध्यापन वसंत शंकर हुजूरबाजार ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले होते. परंतु ह्या यंत्रांशी बोलावयाचे तर त्यांची भाषा अवगत असावी लागे. वैद्यकातील संशोधकाला ती अवगत नसे.

ही अडचण प्रथम दूर केली ती वैद्यकासाठीच लिहिलेल्या आज्ञावलींनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील केंद्रात विल्फ्रिड डिक्सन ह्यांच्या संपादनाखाली 'बीएम्‌डी' हा जीववैद्यकीय आज्ञावलींचा संच १९६१ मध्ये निघाला. सामाजिक शास्त्रांसाठी १९६८ मध्ये स्टॅनफर्ड येथे 'एस्‌पीएस्‌एस्' तयार झाली. कृषिप्रयोगांच्या आकडेवारीतून वाढलेल्या 'सॅस' ची कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली. साथींच्या तपासासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ मध्ये 'एपी इन्फो' विनामूल्य उपलब्ध केली. ऑकलंडचे रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात रचलेली 'आर' ही भाषा सर्वांस खुली असून तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० मध्ये आली. खर्चाचा अडसर अशा रीतीने दूर झाल्यामुळे मुंबईतील संशोधकाच्या हाती जे साधन असते तेच लोणीच्या संशोधकालाही मिळू शकते. ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र ह्या सोयीची एक बाजू भाषेशी निगडित आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आरंभीच्या यंत्रांना माहिती छिद्रित पत्रांवरून दिली जाई व एका पत्रावर ८० स्तंभ असत. रुग्णाची सर्व हकिकत तेवढ्यात बसवावयाची म्हणजे प्रत्येक शब्दाचा अंक करणे भाग होते: पुरुष १, स्त्री २, माहिती नाही, ९ किंवा ९९. छिद्रित पत्रे गेली, पण ही सवय राहिली. वय अज्ञात असलेल्या रुग्णापुढे ९९ लिहिले आणि हा अंक 'अज्ञात' ह्या अर्थाचा आहे असे आज्ञावलीला सांगावयाचे राहिले, तर ती त्याला नव्याण्णव वर्षांचा वृद्ध समजून सरासरीत धरते. अंकाला अर्थ असतो तो संशोधकाच्या मनात; यंत्रापाशी केवळ अंक असतो.

उलट प्रकारही घडतो. आकडेमोडीच्या तक्त्यांची प्रचलित आज्ञावली 'सेप्ट-२' हे जनुकाचे नाव २ सप्टेंबर ही तारीख समजून बदलून टाकते. ही चूक २००४ मध्येच निदर्शनास आणली गेली होती. तरी २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत ती आढळली. अखेरीस २०२० मध्ये जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीनेच ती नावे बदलली; 'सेप्ट-२' चे 'सेप्टिन-२' झाले. साधनाने भाषा बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. ड्यूक विद्यापीठातील कर्करोगविषयक संशोधनाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स ह्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, तेथील तक्त्यांत जनुकांची नावे एका ओळीने सरकली होती व काही ठिकाणी औषधाला 'संवेदनक्षम' आणि 'प्रतिरोधक' ह्या खुणांची अदलाबदल झाली होती. त्या संशोधनावर आधारलेल्या चाचण्या रुग्णांवर सुरू होत्या. त्या पुढे बंद करण्यात आल्या व २००६ चा मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला.

५

शब्दाचा अंक होण्याची क्रिया किती नाजूक असते, हे गडचिरोलीत दिसून येते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी तेथे १९८६ पासून काम आरंभिले. बालकांतील न्यूमोनियाविषयीचा त्यांचा क्षेत्रीय प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या ४४ गावांत १७.५. नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या वर्षी ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २५.५ वर आले, तर तुलनेच्या ४७ गावांत ते ५९.६ राहिले.

ह्या अंकांच्या मुळाशी बोलणे आहे. जे मूल घरीच दगावले त्याचे शवविच्छेदन होत नाही. घरच्या माणसांना विचारूनच मृत्यूचे कारण ठरवावे लागते. ह्या पद्धतीचे निकष बंग ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले. महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत बालकाच्या श्वासविकाराला 'डबा' म्हणतात. आई तो शब्द उच्चारते. विचारणाऱ्याने तो ऐकून न्यूमोनियाच्या रकान्यात खूण करावयाची की नाही, येथे एका अर्थनिर्णयाचा प्रश्न उपस्थित होतो. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता काय, श्वासाचा वेग किती होता, हे पुढचे प्रश्न नीट विचारले गेले तरच त्या खुणेला अर्थ येतो. आज्ञावलीपर्यंत पोचतो तो केवळ १ किंवा ०. शिवाय, प्रयोग जेव्हा गावांवर केला जातो तेव्हा एका गावातील बालके परस्परांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. पाणी, दाई, रस्ता ही त्यांना समान असतात. बालके मोजावयाची की गावे, हे आज्ञावली आपण होऊन विचारीत नाही.

आणि जे मूल नोंदीतच आले नाही त्याचे काय? राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी केलेल्या पाहणीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शासकीय नोंदींत दिसणाऱ्या बालमृत्यूंहून प्रत्यक्षातील मृत्यू पुष्कळच अधिक असल्याचे त्याने उघड केले. नोंदवहीत नसलेले मूल कोणत्याही आज्ञावलीत असू शकत नाही. येथे मोजणीचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न होतो.

६

अंक पूर्ण व अचूक असले तरी निर्णय संपत नाही, हेही पुण्यातच घडलेल्या एका वादाने दाखवून दिले. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा ठरविताना दरडोई दररोज २२५० उष्मांकांचे प्रमाण आधारास घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील सेवेनंतर पुण्यास परतलेल्या सुखात्मे ह्यांनी ह्याला आक्षेप घेतला. व्यक्तीची गरज हा स्थिर अंक नसून ती दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरी गरजेखाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे अयुक्त होय. मर्यादा सरासरीच्या खाली, दोन प्रमाण विचलने उणे करून धरावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. तसे केल्यास कुपोषितांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. हा वाद मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' च्या पृष्ठांवर उघडपणे लढला गेला.

ह्या वादात कोणाचे म्हणणे अधिक ग्राह्य, हा येथील विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, आहाराची आकडेवारी दोघांपुढे एकाच प्रकारची होती. भेद होता तो विखुरण्याला कोणता अर्थ द्यावयाचा ह्याविषयी. उपाशी कोणास म्हणावे हे त्या अर्थावर ठरणार होते आणि कोणत्या कुटुंबाला साहाय्य मिळावे हा प्रश्न त्याच्याशी निगडित होता. दोघांनीही आपापली गृहीते शब्दांत मांडली, म्हणूनच इतरांना ती तपासता आली.

मराठी परिभाषेत 'सार्थ' किंवा 'लक्षणीय' हे शब्द ज्या तांत्रिक अर्थाने योजले जातात, तो अर्थ मर्यादित आहे: दोन गटांत वस्तुतः फरक नसता तर एवढा किंवा ह्याहून मोठा फरक केवळ यदृच्छेने क्वचितच दिसला असता. फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे, असा त्याचा अर्थ नाही; गृहीतक सिद्ध झाले, असाही नाही. अमेरिकन सांख्यिकी संघाला २०१६ मध्ये ह्याविषयी स्वतंत्र निवेदन काढावे लागले, ह्यावरून हा गैरसमज केवळ मराठीतला नाही हे उघड आहे. परंतु रूढ भाषेतील 'सार्थ' ह्या शब्दाभोवती साफल्याचे जे वलय आहे, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याने अधिकच सावध असावे.

७

वरील टप्पे एकत्र पाहिले असता त्यांतील क्रम स्पष्ट होतो. भायखळ्यात गणित सोपे होते व गटांच्या सारखेपणावर उघड वाद झाला. सारण्यांच्या काळात गणित कष्टाचे होते, आणि सारणी निवडताना गृहीत निवडल्याचे भान त्या कष्टामुळेच राहत असे. आज्ञावलींनी कष्ट नाहीसे केले. त्याबरोबर निवडीचा क्षणही नजरेआड झाला. निवड मात्र नाहीशी झाली नाही. हाताने गणित करण्याकडे परत जाणे हा ह्यावर उपाय नव्हे. हजारो रुग्णांची, शेकडो गावांची आकडेवारी हाताने तपासणे अशक्य आहे, आणि हाताने होणाऱ्या चुकांची संख्याही लहान नव्हती. शिवाय आज्ञांची ओळ लिहून ठेवता येत असल्यामुळे दुसऱ्याला तेच गणित पुन्हा करून पाहता येते. ही सोय सारण्यांच्या काळी नव्हती.

तेव्हा प्रबंधातील त्या अखेरच्या वाक्याची जागा पुढील चार गोष्टींनी घेणे युक्त ठरेल: गट कसे तयार झाले, कोणत्या कसोटीने व कोणत्या गृहीतावर तुलना केली, अज्ञात माहिती कोणत्या अंकाने दर्शविली व तिचे काय केले, आणि रुग्णाच्या बोलीतील कोणता शब्द कोणत्या रकान्यात गेला. त्यासाठी अर्धे पान पुरे. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती त्यानंतर द्यावी.

ह्या परिसरातील ऊसतोडणी करणाऱ्या ज्या स्त्रीच्या रक्ताचा थेंब अशा अभ्यासासाठी घेतला जातो, ती तो प्रबंध वाचणार नाही. तिच्या पांडुरोगाची दखल घ्यावयाची की नाही हे मात्र वर दाखविल्याप्रमाणे कधी कधी ०.४४ व ०.६५ ह्या दोन अंकांपैकी कोणता खरा धरला ह्यावर अवलंबून राहील. तो कोणी व कोणत्या कारणाने धरला, हे लिहून ठेवणे एवढे तरी संशोधकाने तिच्यासाठी करावयास हवे.